करणाऱ्याचा हात

मालवणला मी प्राणिशास्त्र शिकवायला गेले ती १९९९ साली. नोकरी कॉलेजातली, आणि राहायला जागा मिळाली समुद्रालगतच्या एका वाडीत, बस्त्यांव मेस्तांच्या घराला लागून असलेली एक खोली. मी साताऱ्याकडची. माशांची शास्त्रीय नावं मला तोंडपाठ होती, पण टोपलीतली तारली कुठली आणि पेडवा कुठला, ते सांगता येत नव्हतं. ते मला मेस्तांनी शिकवलं. मी त्यांना काय शिकवलं, ते अजून नक्की सांगता येत नाही.

मेस्त म्हणजे सुतार. हे होड्या बांधायचे. घरामागे माडांच्या सावलीत झावळ्यांच्या झापांनी शाकारलेला मांगर होता, म्हणजे कामाची शेड, तिथे बारा महिने एखादी होडी अर्धवट उभी असायची. कागदोपत्री त्यांचं नाव सेबेस्तियन, पण त्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी वळूनही पाहिलं नसतं. बुटके, रुंद खांद्यांचे, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, कानावर पेन्सिलीचा तुकडा. उजव्या हाताचा अंगठा रंध्यावर दाबून दाबून चपटा झालेला. समोर येईल त्या वस्तूवरून तो चपटा अंगठा फिरवायचा, ही त्यांची सवय. फळी असो, फणसाचं पान असो, नाहीतर माझ्या खोलीतलं टेबल. टेबलावरून अंगठा फिरवून ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ह्या कोणी केल्यान तो घायत होतो."

त्याच आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. आनमारीकाकी, त्यांच्या पत्नी, बांगडे साफ करायला बसल्या होत्या. मेस्तांनी त्यांच्यासमोरचा एक बांगडा उचलला.

"बाईनू, तुमी माश्यांचा शिकवतास ना?"

"हो."

"मगे हेका रंधो कोणी मारल्यान, सांगा बघूया."

मी हसले. ते हसत नव्हते. त्यांनी माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत अंगठा नेला, मग पाठीवरचा पर नखाने उभा केला आणि सोडून दिला. पर मिटून पाठीतल्या एका बारीक खाचेत बसला.

"बघितलास? मिटलो काय खाचेत बसता. वरसून हात फिरवा, लागना नाय. पाण्यात जोरान जावचा तर वर काय आडवा येवक नको. अशी खाच पाडूक माका अर्धो दिस जाता, आणि तरी ती अशी बसना नाय. ही कोणी पाडल्यान? आपसूक?"

"देवान मासो केल्यान तो खावक," काकी म्हणाल्या. "सोडा आता तेका. वाटाप सुकता माझा."

'आपसूक' हा मेस्तांचा नावडता शब्द. "आपसूक काय होना नाय" हे त्यांचं वाक्य मी पुढच्या सहा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! दार आपसूक लागलं असं कुणी म्हटलं तरी ते वारा कुठून आला ते शोधून दाखवायचे. जग देवाने सहा दिवसांत केलं, ज्या त्या प्राण्याची जात वेगवेगळी केली, मासे आणि पाखरं पाचव्या दिवशी. हे ते सांगायचे तेव्हा त्यात भाविकाचा गहिवर नसायचा. अमुक होडी अमुक साली अमक्या मेस्ताने बांधली, हे जसं सांगतात, तसं सांगायचे. मी एकदा म्हटलं, काका, सहा दिवसांत एवढं सगळं होतं का? तर म्हणाले, "माका होडी बांधूक चार म्हयने लागतत. म्हणान तेकाय लागाक व्हये, असा खंय आसा?"

मात्र हे ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायला जात नसत. होड्यांची गिऱ्हाइकं बहुतेक हिंदू. नवी होडी पाण्यात घालताना नारळ फुटायचा, हळदकुंकू लागायचं, देवाला गाऱ्हाणं घातलं जायचं. मेस्त तेवढा वेळ टोपी काढून बाजूला उभे राहायचे आणि ओठांतल्या ओठांत आपली प्रार्थना म्हणायचे. सगळं आटोपलं की पुढे येऊन मालकाला होडीतली चूक सांगायचे.

हो, चूक. शुभ वेळेला. गणपत तांडेलांच्या होडीच्या वेळी मी तिथे होते. मेस्त म्हणाले, "तांडेलानू, डाव्या अंगाक तिसऱ्या फळयेत एक गाठ आसा. माका ती आदी दिसाक नाय. तिच्यार लक्ष ठेवा." तांडेलांच्या भावाचं तोंड उतरलं. आजच्या दिवशी असं बोलतात का! पण तांडेल स्वतः शांतपणे खाली बसले आणि ती गाठ हाताने चाचपून आले. नंतर मला म्हणाले, "चूक दाखयता म्हणान तर आमी हेच्याकडे येतव, बाई. बाकीचे झाकतत, मगे ती आमका समुद्रात गावता."

घरी येताना मी मेस्तांना विचारलं, की एवढा मान द्यायचा दिवस आणि तुम्ही आपलाच दोष का सांगता.

"माणसाच्या कामात चूक आसताच," ते म्हणाले. "देवाच्या कामात नसता. थंय एक चूक दाखवा आणि माझी तासणी घेवन जावा."

तासणी म्हणजे लाकूड तासायचं त्यांचं मुख्य हत्यार. हे आव्हान त्यांनी मला बऱ्याचदा दिलं. मी प्राणिशास्त्राची बाई, उत्क्रांती शिकवणारी, त्यामुळे कधीतरी ते उचलणं भाग होतं. पुढच्या वर्षी किनाऱ्यावर एक मेलेला डॉल्फिन लागला. वनखात्याचा पंचनामा वगैरे झाला, आणि कॉलेजच्या पत्रावर त्याचा पुढचा, वल्ह्यासारखा एक पर आम्हाला संग्रहासाठी मिळाला. मांस काढून हाडं स्वच्छ केली. ती मांडायला काचेच्या झाकणाची पेटी हवी होती, ती मी मेस्तांना करायला सांगितली. पेटी झाल्यावर हाडं तारेने बसवायलाही तेच बसले. मी एकेक हाड जागेवर ठेवत गेले. खांद्याकडचं एक जाड हाड, त्याच्यापुढे दोन, मग मनगटाची बारीक, मग बोटं.

"काका, मोजा," मी म्हटलं.

त्यांनी मोजलं. पाच.

"पोहणाऱ्याला बोटं कशाला? तुम्ही वल्ह्याला बोटं करता का? याचे पूर्वज कधीकाळी जमिनीवर चालत होते, म्हणून आत अजून हात आहे."

मेस्तांनी आपला हात त्या हाडांशेजारी ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग उरलेल्या तारा पिळल्या आणि उठून गेले. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "बाईनू, जरा मांगरात येवा."

मांगरात त्यांनी मला होडीच्या नाळेजवळचा, म्हणजे पुढच्या टोकाचा एक सांधा दाखवला. दोन लाकडं एकमेकांत अशी बसवलेली, की ओढली तर जास्तच घट्ट व्हावीत. मग घरात नेऊन माळ्यावरचा जुना पाळणा उतरवला. त्यालाही तोच सांधा. मग जेवणाच्या बाकाला. तोच.

"बापसान माका ह्यो सांधो शिकयल्यान. मिया सगळीकडे ह्योच घालतंय. पाळण्याक एवढो घट्ट सांधो नको, तरी घालतंय. म्हणान काय पाळणो होडयेचो नातू झालो?" त्यांनी बाकावर थाप मारली. "नाय. दोनांवर एकाच मेस्ताचो हात आसा, एवढाच. तुमच्या त्या माश्यात आणि माझ्यात हाडां सारकी आसत. करणाऱ्याचो हात वळखूक येता."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी दिलं. सांध्यांपुरतं ठीक, पण त्याच डॉल्फिनच्या पोटात मागल्या पायांच्या जागी, दुसऱ्या कुठल्याही हाडाला न जोडलेली दोन लहान हाडं असतात. असं निरुपयोगी लाकूड कुठला मेस्त होडीत ठेवून देईल? त्यांनी ऐकून घेतलं. "कायतरी उपेग आसतलो. तुमका अजून गावाक नाय," म्हणाले. दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही. पण त्या दिवसापासून मला ते जास्त आवडायला लागले. आणि वर्गात ती पेटी दाखवताना पाळण्याची गोष्ट मनात यायची, ती मी मुलांना सांगत नसे.

मेस्तांना एकच मुलगी, लुसी. वेंगुर्ल्याला दिलेली, नवरा मुंबईत हॉटेलात कामाला. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. २००२ च्या नाताळानंतर चार दिवसांनी तिला मुलगी झाली. जसिंता. नाक आजीचं, जावळ दाट. आणि दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे तोंड करून.

वाडीतल्या बायका बघायला यायच्या, दुपटं वर करायच्या आणि पुन्हा घालायच्या. ग्रहणात काहीतरी चिरलं असेल, असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. लुसीची सासू एकदा आली, तासभर बसली, बाळाला मांडीवर न घेताच गेली. चर्चमधले पाद्री येऊन गेले. पहिल्या माणसांच्या पापाने सगळी सृष्टीच बिघडली, तिच्यात असं घडतं, असं त्यांनी मायेने समजावलं. मेस्तांनी मान डोलावली. त्यांना वाटेपर्यंत पोचवून आले आणि पायरीवर बसत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ता माका ठावक आसा. पण एवढ्याशा चेडवान काय केल्यान?"

मांगरातला आवाज बंद झाला. एक होडी अर्धी होती, ती तशीच राहिली. मालक दोनदा येऊन गेला.

एका सकाळी मी विहिरीवर गेले, तर लुसी कळशी भरून तशीच उभी होती. मला पाहून म्हणाली, "टीचर, पप्पा म्हणतत देवाच्या कामात चूक नसता. मगे ही चूक कोणाची? माझीच ना?"

तिने हे रडून विचारलं असतं तर मी तिला जवळ घेतलं असतं. तिने सरळ विचारलं, हिशेब जुळल्यासारखं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच ओल्या पायांनी मी मेस्त बसले होते त्या पायरीकडे गेले.

"काका, बाळाची पावलं कुणी केली?"

त्यांनी वर पाहिलं.

"बांगड्याची खाच कुणी पाडली ते तुम्ही मला विचारता. मग हेही सांगा. यात कुणाचा हात आहे? देवाच्या कामात चूक नसते म्हणता, म्हणून लुसी समजते तिचीच चूक झाली."

बोलताना मला कळत होतं, की हे तिच्यासाठी म्हणते आहे तेवढंच त्या पेटीच्या वेळचंही काहीतरी वसूल करते आहे. मेस्त उठले. एका हाताने त्यांनी खांब धरला.

"ती असा म्हणता?"

"हो."

ते आत गेले. माझी खोली त्यांच्या माजघराला लागून, मधे कुडाची भिंत. मी खोलीत जाऊन बसले आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला. "चेडवा, तुझी चूक नाय. ह्या मिया सांगतंय. कोणाची ता माका ठावक नाय. पण तुझी नाय." मग लुसीच्या रडण्याचा आवाज आला, बाळ झाल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर आठवडाभर मेस्त माझ्याशी बोलले नाहीत. रागावलेले नव्हते. समोर आले की मान हलवायचे, एवढंच. मी दुसरी खोली बघायला लागले होते.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी दार वाजवलं. धुतलेला शर्ट, हातात टोपी. "बाईनू, माणसाच्या पायाची हाडां तुमच्या कॉलेजात आसत?"

आमच्या प्रयोगशाळेत एक सांगाडा होता. चावी मागून मी त्यांना घेऊन गेले. मेस्त सांगाड्याच्या चेहऱ्याकडे न बघता सरळ त्याच्या पायाशी जमिनीवर बसले. दोन तास बसले. एकेका हाडावरून अंगठा फिरवला, कुठलं हाड कुठल्या हाडावर टेकतं, कुठून वळू शकतं, कुठून नाही, ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मधेच विचारलं, "किती आसत?"

"एका पायात सव्वीस."

"सव्वीस," ते म्हणाले. "एवढ्याशा जाग्यात." जरा वेळाने कानावरची पेन्सिल काढून माझ्या वहीच्या कागदावर एक पाऊल काढलं आणि त्यात वाकडं गेलेलं हाड गिरवलं. "हयसरसून फिरला तर सगळा फिरतला. कोणीतरी हात लावक व्हयो."

तोवर मीही चौकशी केली होती. सावंतवाडीला दर गुरुवारी बाहेरगावचे एक हाडांचे डॉक्टर यायचे. मोठी शस्त्रक्रिया न करता, पाऊल हाताने थोडं थोडं वळवून प्लास्टर घालत नेतात, असं त्यांच्याबद्दल ऐकलं होतं. पुढच्या गुरुवारी लुसी, बाळ, मेस्त आणि मी एसटीने सावंतवाडीला गेलो.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. पण पाऊल हातात घेतल्यावर त्यांची घाई संपली. एका हाताचा अंगठा घोट्यापुढच्या हाडावर टेकवून दुसऱ्या हाताने त्यांनी पाऊल अगदी हळू बाहेर वळवलं. जेवढं वळलं तेवढंच धरून ठेवलं. बाळ ओरडत होतं. लुसीने तोंड फिरवलं होतं. मेस्त मात्र दोन पावलं पुढे सरकून डॉक्टरांच्या अंगठ्याकडे बघत होते.

"आजोबा, बाहेर थांबता का?"

"नको. माका बघूक व्हया."

डॉक्टरांनी प्लास्टर भिजवायला घेतलं. प्लास्टर ओलं असताना ते त्यावर हात फिरवून आकार देत होते, तेव्हा मेस्तांचे हात नकळत तसेच फिरत होते.

आम्ही परत निघालो. बाळ रडून रडून झोपलं होतं. गाडी कुडाळच्या स्टँडवर थांबली तेव्हा मेस्त म्हणाले, "बाईनू, डॉक्टरान काय सांगल्यान, आयकलास? मोठ्या माणसाचो पाय असो फिरना नाय. हाड मोडात. पण जल्मताना ता मऊ आसता. सगळ्या पोरांचा. ज्यांचो पाय सरळ आसा, तेंचाय."

"हो."

"दुरुस्तीची जागा ठेवलेली आसा," ते म्हणाले. "बिघडाच्या आदी."

माझ्याजवळ त्याचं दुसरं स्पष्टीकरण होतं. पोटात वाढणाऱ्या कुठल्याही जिवाचं हाड मऊच असणार, त्यात कुणाची योजना शोधायची गरज नाही. मी ते बोलले नाही. त्याऐवजी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी बोलले ते..."

"तुमी इचारलास ता बरोबर इचारलास. माका उत्तर नाय होता." त्यांनी झोपलेल्या नातीचं टोपडं सारखं केलं. "अजून नाय."

सहा गुरुवार प्लास्टर बदलली. शेवटी टाचेमागच्या शिरेला बारीकसा छेद देऊन आणखी एक प्लास्टर घातलं, आणि ते निघालं तेव्हा पावलं सरळ होती. पण खरी कसोटी नंतर, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन लहान बूट, मधे एक पट्टी, पावलं बाहेर वळलेली राहतील अशी. सुरुवातीला दिवसरात्र घालायचे, पुढे काही वर्षं झोपताना. कंटाळा केला तर पाय परत वळणार. पहिला जोड डॉक्टरांनीच दिला. मूल सहा महिन्यांचं झालं, पाय वाढले, दुसरा जोड मुंबईहून यायचा होता आणि येता येत नव्हता. एक आठवडा गेला, दोन गेले. काकींनी एक दिवस जसिंताचं डावं पाऊल मेस्तांना दाखवलं. किंचित, अगदी किंचित आत येत होतं.

त्या दिवशी मांगरात पुन्हा आवाज सुरू झाला. जुन्या पट्टीवरून त्यांनी कोन उतरवून घेतला, पट्टी तेवढीच लांब हवी म्हणून बाळाच्या खांद्यांची रुंदी सुतळीने मापली. बाजारातून कातडी बूट आणले, सागाची हलकी पट्टी तासली, बुटांखाली लाकडी तळ बसवले. कुठे टोचू नये म्हणून कडा आपल्याच गालावर घासून बघत होते. गुरुवारी ते सगळं जुन्या टॉवेलात गुंडाळून सावंतवाडीला नेलं. डॉक्टर बघून हो म्हणेपर्यंत बाळाच्या पायात घालायचं नाही, हे त्यांचंच म्हणणं.

डॉक्टरांनी पट्टी फिरवून पाहिली, कोन मापला, बूट आत हात घालून चाचपले.

"हे कुणी केलं?"

एवढी वर्षं हा प्रश्न मेस्त दुसऱ्यांना विचारत आले होते. त्यांना विचारल्यावर मात्र ते गडबडले. टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"मिया," ते म्हणाले. आणि लगेच, "चूक आसा हेच्यात. उजव्या बाजूक सूतभर ज्यास्त गेला."

डॉक्टरांनी पुन्हा मापून पाहिलं. "चालेल तेवढं," म्हणाले. मग दाराबाहेरच्या बाकाकडे बोट करून म्हणाले, "बाहेर तीन मुलं बसलीयत. त्यांचेही येत नाहीयेत. कराल?"

मेस्त बाहेर गेले. तळेऱ्याकडची एक बाई होती, तिच्या मांडीवरच्या मुलासमोर ते उकिडवे बसले आणि खिशातून सुतळी काढली.

पुढे मी तिथे असेपर्यंत मांगरात एका बाजूला होडी आणि दुसऱ्या बाजूला खिळ्यांना टांगलेले छोटे छोटे बूट, असं दृश्य असायचं. हळूहळू होडीची बाजू रिकामी होत गेली. फायबरच्या होड्या आल्या होत्या. त्यांना फटींत कापूस ठासायला नको, तेल नको, मेस्त तर नकोच. गणपत तांडेलांनीही फायबरची घेतली, पण तसं सांगायला ते स्वतः आले आणि मान खाली घालून बसले. मेस्त त्यांच्याबरोबर जाऊन नवी होडी बघून आले. मी विचारलं, कशी आहे. "आकार बरो आसा," म्हणाले. "कोणीतरी पयली लाकडाची केल्यान आसतली. तेच्यारसून साचो काढल्यानी." 

देवाच्या कामात चूक दाखवा, असं मात्र ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मासा हातात घेऊन विचारायचे, कुणी केलं म्हणून. सहा दिवस सहाच राहिले. तासणीची पैज तेवढी बंद झाली.

२००५ मध्ये मला कोल्हापूरला नोकरी मिळाली. निघताना काकींनी कोकमं दिली. मेस्तांनी माझं टेबल दुरुस्त करून ट्रकात चढवलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. २०१० च्या फेब्रुवारीत मी विद्यार्थ्यांना घेऊन किनाऱ्याचा अभ्यास करायला मालवणला गेले होते. मुलांना खडकाळ भागात सोडून घरी डोकावले. काकी म्हणाल्या, दोघंही वेळेवर आहेत. वेळ म्हणजे किनारा. तिथे रापणीचं मोठं जाळं ओढणं चाललं होतं. दोन्ही टोकांना माणसं दोर धरून मागे सरकत होती, आणि त्यांच्यात सात वर्षांची एक मुलगी पाय वाळूत रोवून आपल्या परीने ओढत होती. डावी पोटरी उजवीपेक्षा जरा बारीक. माहीत नसतं तर ध्यानातही आलं नसतं.

मेस्त होडीच्या सावलीत बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, चेहरा ओळखेनात, आवाज ओळखला. "बाईनू! कोल्हापुरात मासो बरो गावता काय?"

जाळं वर आलं. जसिंता त्यातून एक चपटा मासा घेऊन पळत आली.

"आजो, ह्यो बघ! हेचा तोंड वाकडा."

मेस्तांनी तो हातात घेतला, एका अंगावरून अंगठा फिरवला, उलटा करून दुसऱ्या अंगावरून. "लेपो तो. दोनय डोळे एकाच बाजूक आसतत. वाळयेत आडो पडान ऱ्हवता ना? खालच्या डोळ्याक काय दिसतला? म्हणान दोनय वर."

"जल्मल्यापासून?"

मेस्तांनी माझ्या दिशेने तोंड केलं. "बाईनू?"

"नाही," मी म्हटलं. "जन्मतो तेव्हा त्याचा एक डोळा इकडे, एक तिकडे असतो, सगळ्या माशांसारखा. मग एक डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत पलीकडे जातो."

मेस्त थांबले. "सरकता? जितो आसताना?"

"हो. काही आठवडे लागतात."

आता ते म्हणतील, कुणी सरकवला, अशी मी वाट पाहत होते. त्यांनी माशाच्या वाकड्या तोंडाजवळ हलकेच बोट ठेवलं.

"दुखत आसतला काय हो?"

"माहीत नाही, काका."

मासा अजून कल्ले हलवत होता. मेस्त उठले. जसिंताने त्यांचा हात धरला, आणि दोघं ओल्या वाळूतून पाण्याकडे गेले. पँट भिजली तरी ते थांबले नाहीत. गुडघाभर पाण्यात वाकून त्यांनी हात उघडला. मुलं मला हाका मारत होती, ओहोटी संपत आली होती. खडकांकडे वळताना मी मागे पाहिलं. मासा वाळूत दिसेनासा झाला असावा, कारण जसिंता म्हणत होती, "गेलो, आजो, गेलो." मेस्त मात्र त्या अंधुक डोळ्यांनी तसेच वाकून पाण्यात बघत होते.